वेणीमाधवाच्या छातीवरचा लेप

शुक्रवार पेठेत चिंतामणशास्त्र्यांशी वाद घालून जिंकलेला माणूस शोधायचा म्हटला, तर पेठेबाहेर जावं लागलं असतं, आणि बाहेरही तो सापडला असता याची खात्री नव्हती. शास्त्रीबुवा देवळात पुराण सांगत. पुराण संपल्यावर कुणी शंका काढली, तर त्या बिचाऱ्याचं त्या दिवशीचं जेवण हुकलंच म्हणून समजावं. त्यांचा एकुलता एक मुलगा वेणीमाधव हायस्कुलात भूगोल शिकवी. भिंतीवरच्या नकाशावर छडी फिरवून तो पोरांना सगळी पृथ्वी दाखवायचा; स्वतः मात्र एकीकडं अक्कलकोट आणि दुसरीकडं अकलूज, यांच्या पलीकडं गेलेला नव्हता. अक्कलकोटला स्वामींचा मठ होता आणि अकलूजला सासुरवाडी. वडिलांपुढं तो तोंड उघडून मोठ्यानं बोलला तो मुंजीत, आणि तेही मंत्र म्हणायचे होते म्हणून.

त्याची बायको गोदावरी माहेरी बाळंत होऊन तीन महिन्यांचा मुलगा घेऊन परतली आणि आठवडाभरातच तिच्या डाव्या अंगावर दूध साकळलं. छाती दगडासारखी घट्ट झाली, लाल झाली, वर हुडहुडी भरून ताप. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. सासूबाई जाऊन कित्येक वर्षं झाली होती. सांगणार कुणाला? तिनं तसंच धुणं धुतलं, तशाच भाकऱ्या थापल्या. शेवटी पाण्याची भरली कळशी हातातून सुटली, तेव्हा तिनं नवऱ्याला सांगितलं.

नवऱ्यानं वडिलांना सांगायचं, हे त्याहून अवघड काम होतं. सुनेच्या असल्या दुखण्याचं सासऱ्यासमोर नाव घेऊन बोलायची त्या घरात रीत नव्हती. वेणीमाधवानं भूगोलाचा आधार घेतला.

"दुखणं पश्चिमेकडं आहे," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "म्हणजे, ती उत्तरेला तोंड करून उभी राहिली तर. खांद्याच्या जरा दक्षिणेला."

शास्त्रीबुवांना कळलं. त्यांनी लगोलग गोपाळराव वैद्यांना बोलावणं धाडलं.

गोपाळराव घरंदाज बायकांची नाडी पडद्याआडून बघत. दोऱ्याचं एक टोक बाईच्या मनगटाला आणि दुसरं वैद्यबुवांच्या बोटांत. त्या दोऱ्यातून त्यांना कफ, वात, पित्त सगळं कळायचं. एकदा कुणा वात्रट पोरीनं टोक मनगटाऐवजी पडद्यामागच्या खांबाला बांधलं, तेव्हा खांबाला पित्त झाल्याचंही त्यांना कळलं होतं. पण लेपाची गोष्ट वेगळी होती.

"धोत्र्याची पानं आणि हळद वाटून लावायची," ते ओसरीवर बसून म्हणाले. "पण लेप दुखऱ्या जागीच लागतो, शास्त्रीबुवा. तो काही दोऱ्यातून जात नाही. आणि लावण्याआधी मला एकदा बघायला हवं."

"परपुरुषानं बघायचं नाही," शास्त्रीबुवा म्हणाले.

"मग?"

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. त्यांनी डोळे मिटले की पेठेतली माणसं चपला शोधू लागत.

"सत्यनारायण कोण करतं?" त्यांनी विचारलं.

"यजमान."

"आणि त्याची बायको?"

"ती यजमानाच्या हाताला हात लावते."

"फळ किती मिळतं तिला?"

"अर्धं," गोपाळराव सावधपणे म्हणाले.

"मग प्रत्यक्ष पुण्य, ज्याच्यावर माणूस स्वर्गात जातो, ते जर कोपरातून पलीकडं जातं, तर चमचाभर धोत्र्याचा लेप जायला काय धाड भरली?"

गोपाळरावांनी विचार केला. दोऱ्यापेक्षा नवरा जाड असतो, एवढं त्यांना पटलं. शिवाय जेवायची वेळ होत आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणीमाधव अंघोळ करून, सोवळं नेसून उघड्या अंगानं पाटावर बसला. उजवीकडं गोदावरी. ज्या अवयवाचं नाव शास्त्रीबुवा मराठीत मेले तरी उच्चारते ना, ते त्यांनी संस्कृतात तीनदा खणखणीत उच्चारलं. 'मम भार्यायाः वामस्तनशूलनिवृत्त्यर्थं' असा संकल्प माजघरातून थेट रस्त्यापर्यंत ऐकू गेला. देवभाषेत कशाचीच लाज नसते.

"हात लावा, सूनबाई."

गोदावरीनं उजव्या हाताची बोटं नवऱ्याच्या कोपराला लावली आणि वेणीमाधव दचकला. नुकत्याच उतरवलेल्या तव्याला हात लागावा तसं झालं. 'हिला फार ताप आहे' हे वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलं. शास्त्रीबुवांनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. वाक्य आल्या वाटेनं परत गेलं, आणि गोपाळरावांनी त्याच्या डाव्या छातीवर हिरवा गार लेप थापला.

आता नशीब बघा. त्या दिवशी पोराला कडकडून भूक लागली होती. ते डाव्या अंगाला जे बिलगलं ते सोडेचना. साकळलेलं दूध थोडं मोकळं झालं, दगड थोडा मऊ पडला, संध्याकाळी ताप उतरला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. शास्त्रीबुवांनी पुराणात हा दाखला सांगितला. श्रोत्यांनी माना डोलावल्या, आणि मग व्हायचं ते झालं. सासऱ्यानं ठरवलं की लेप लागू पडतोय तोवर दुखऱ्या अंगावर मुलाला पाजू नये, औषधाचा गुण पोर ओढून घेईल. दोन दिवसांत गोदावरीची छाती पहिल्याहून घट्ट झाली आणि ताप पहिल्याहून चढला.

"मात्रा कमी पडली," शास्त्रीबुवा म्हणाले. "वाढवा."

मात्रा वाढली. सकाळ-संध्याकाळ लेप. मग लेपावर एरंडाचं पान. मग अशुद्ध रक्त काढायचं ठरलं आणि मडक्यातून जळवा आल्या. त्या वेणीमाधवाच्या छातीला चिकटून टम्म फुगल्या. वेणीमाधव पांढरा पडला. मग रक्त गेलं म्हणून त्याला शक्तीचं सुरू झालं. बाळंतिणीला जे जे द्यावं ते ते, म्हणजे शतावरी घातलेलं दूध, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. लाडू वळायला गोदावरीच बसायची, तापानं डोळे लाल झालेले, आणि डावा हात अंगाशी धरलेला. एक लाडू वळून झाला की ती जरा थांबायची.

वेणीमाधवाला हे दिसत नव्हतं असं नाही. पण त्याच्याही छातीत आता ठणकत होतं, हे काही खोटं नव्हतं. जळवांच्या जागा सुजल्या होत्या. दुखणं आपल्याकडं येतंय, म्हणजे तिच्याकडचं कमी होत असणार, असा हिशेब त्यानं मनाशी मांडला आणि त्यावर तो रेलून बसला. माणसाला सोयीचं असलं की अर्धवट हिशेबही पुरा वाटतो.

शेजारच्या गौरम्मानं परसदारच्या भिंतीवरून सगळं पाहिलं. तिचा नवरा रेवणप्पा भुसार मालाचा व्यापारी. घरात दोन म्हशी होत्या आणि गौरम्माच्या गुडघ्यात कायमचा वात.

"अय्यय्यो, गोदाक्का," ती म्हणाली, "म्हशीची कास दगडावानी झाली, तर आमी काय रेड्याला लेप लावताव का? दुखणं रेड्याला आन् डाग पखालीला, तसं चाललंय की तुमचं. जोंधळ्याच्या पिठाचं गरम पोटीस बांध बग."

गोदावरीनं पोटीस शिजवलं. पण घरात शिजलेलं शास्त्रीबुवांच्या नजरेतून सुटतं थोडंच? "उत्तम," ते म्हणाले, आणि पोटीस वेणीमाधवाच्या छातीवर गेलं. तिथं फोड आला.

गौरम्माला हसू आवरेना. पण रात्रीतून तिच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, सकाळी ती पुन्हा भिंतीशी हजर.

"गोदाक्का, त्ये कोपराचं फकस्त तुमच्या बामणातच चालतंय का?"

"मला नाही ठाऊक."

"आमच्यात असलं न्हाय. पर कोपर तर हाय की!"

त्याच दिवशी रेवणप्पाच्या दोन्ही गुडघ्यांवर बिब्ब्याचे चटके बसले. गौरम्मा त्याच्या कोपराला हात लावून शांत बसली होती. रेवणप्पाच्या बोंबा पार पेठेच्या टोकापर्यंत गेल्या, आणि गौरम्मा शपथेवर सांगू लागली की एवढ्या वर्षांत गुडघ्याला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

ही बातमी बायकांत वणव्यासारखी पसरली. पलीकडच्या आळीतल्या शांतम्माचं पोट दुखत होतं. तिच्या नवऱ्याला, रुद्रप्पाला, भली वाटीभर एरंडेल पाजण्यात आलं. कुणाचा नवरा कंबरेला डाग घेऊन आला, कुणाचा कपाळाला सुंठ उगाळून. सबंध हयातीत नवऱ्याच्या हाताला हात लावून ज्यांना कधी काही मिळालं नव्हतं, त्या बायका एकदम धार्मिक झाल्या. सकाळी शास्त्रीबुवांच्या ओसरीवर बायकांची गर्दी आणि रस्त्यानं लंगडणारे पुरुष, असं पेठेचं रूप झालं.

शेवटी रेवणप्पा आणि रुद्रप्पा दोघं मिळून शास्त्रीबुवांकडं आले. रुद्रप्पा अजून भिंतीला धरून चालत होता.

"शास्त्रीबुवा, एक इचारायचं हुतं," रेवणप्पा म्हणाला. "ह्ये उलटं बी चालतंय का? म्हंजी दुखणं आमचं आन् औषध बायकोला?"

"नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. "शास्त्रात बायको नवऱ्याच्या हाताला हात लावते. नवरा बायकोच्या लावत नाही."

"मग आमी करायचं काय?"

"सहन."

एव्हाना वेणीमाधवाला बघायला माणसं येऊ लागली होती. हेडमास्तर मोसंबी घेऊन आले आणि "बाळंतपणानंतरची दुखणी जपावी लागतात हो" असं म्हणून गेले. त्यांचा नेमका काय समज झाला होता, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. वेणीमाधव माजघरातल्या खाटेवर छातीला फडकं बांधून पडलेला असे. लोक त्याची विचारपूस करत, आणि तो बारीक आवाजात "आज जरा ठणका कमी आहे" असं सांगे. सगळ्यांना चहा गोदावरी करून देई. कपबशी ती एकाच हातानं पुढं करी. एका बाईनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, "जपा हो त्यांना. पुरुषाच्या जातीला सोसत नाही."

आणि रोज दोन वेळा तिची बोटं त्याच्या कोपराला लागत. पहिल्या दिवशी चटका बसला होता, तो आता रोज बसत होता आणि रोज वाढत होता. बोटं कोरडी होत गेली होती. वेणीमाधव डोळे मिटून घ्यायचा. लोकांना वाटे, तो देवाचं नाव घेतोय.

मग एका सकाळी संकल्प चालू असतानाच ती बोटं कोपरावरून घसरली. गोदावरी बसल्या जागी कलंडली होती. पाळण्यातलं पोर भुकेनं रडून रडून आता नुसतं कण्हत होतं.

"पाणी मारा तोंडावर," शास्त्रीबुवा म्हणाले, "आणि पुन्हा पहिल्यापासून. संकल्प मोडला."

वेणीमाधव उठला. काय करायचंय हे त्याचं त्यालाही ठरवता आलं नव्हतं. त्यानं गोदावरीला उचलून खाटेवर निजवलं, तोंडावर पाणी शिंपडलं, तिनं डोळे उघडलेले पाहिले, पाळणा तिच्या हाताशी ओढला आणि लेपावरच सदरा चढवून तो तडक नव्या पेठेत मालतीबाई डॉक्टरिणीच्या दवाखान्यात गेला. सगळ्या बाकांवर बायका. त्या पदर सावरून बाजूला सरकल्या.

"पेशंट कोण?" मालतीबाईंनी विचारलं.

"मी. म्हणजे ती. म्हणजे मी, तिच्या वतीनं."

मालतीबाईंनी त्याचा सदरा वर करायला लावला, फडकं सोडलं आणि बराच वेळ पाहिलं.

"इथं एक भाजल्याचा फोड आहे," त्या म्हणाल्या, "जळवांच्या खुणा आहेत आणि हळद आहे. दुखणं कुठाय?"

वेणीमाधवानं सगळं सांगितलं. कोपरासकट. मालतीबाई हसल्या नाहीत, हेच त्याला जास्त लागलं.

"गाठ मधोमध मऊ पडलीय का? दोन बोटांनी दाबली तर आत पाणी भरल्यासारखी हलते का?"

"मी दाबून पाहिली नाही."

"का?"

"उपचार माझ्यावर चालू होते ना," वेणीमाधव म्हणाला, आणि हे वाक्य त्यानं स्वतःच्या कानांनी पहिल्यांदा ऐकलं.

मालतीबाई टांग्यातून त्याच्याबरोबर आल्या. खाटेजवळ बसून त्यांनी गोदावरीला तपासलं, तिला हळू आवाजात दोन-चार गोष्टी विचारल्या आणि बाहेर आल्या.

"पू झालाय. आज चिरा दिला पाहिजे, आत्ता. उद्यावर टाकलं तर आतल्या आत पसरेल, मग माझ्याही हातात काही राहणार नाही. पाणी उकळायला ठेवा."

कुणालाही वाटेल की आता प्रश्न सुटला. डॉक्टर बाई होती, परपुरुष नव्हता. पण आता प्रश्न सुनेचा राहिलाच नव्हता, सिद्धान्ताचा झाला होता. ओसरीवर पेठेतल्या बायका जमल्या होत्या. त्यांच्यामागं, भीतीनं का होईना, नवरेही आले होते. शास्त्रीबुवांनी एकदा त्या सगळ्यांकडं पाहिलं.

"चिरा अवश्य द्या," ते म्हणाले. "पद्धतीप्रमाणं. वेणू, पाटावर बस."

बायकांत आनंदाची कुजबुज झाली. रुद्रप्पा मटकन खाली बसला.

"शास्त्रीबुवा, मला पुढं एका बाळंतिणीकडं जायचंय," मालतीबाई म्हणाल्या. "वादाला वेळ नाही. नवऱ्याला चिरलं तर बायकोचा पू निघतो?"

"पुण्य निघतं, मग पू का नाही?"

"आणि बधिर करायचं औषध? ते कुणाला मारू?"

"यजमानाला. अर्धी बधिरता तिला पोचेल."

"म्हणजे दोघंही निम्मे जागे," मालतीबाई म्हणाल्या. त्यांनी एकवार वेणीमाधवाच्या तोंडाकडं पाहिलं, वाट पाहिली, आणि उकळत्या पाण्यातून चिमट्यानं सुरी उचलली. "बसा तर मग."

वेणीमाधव बसला. का बसला म्हणाल, तर लहानपणापासून वडिलांनी 'बस' म्हटल्यावर त्याचे गुडघे त्याला न विचारताच वाकत आले होते. मालतीबाई खरंच चिरणार होत्या की त्याच्या तोंडून एक 'नाही' निघायची वाट बघत होत्या, हे त्याला पुढं जन्मभर कळलं नाही. तेव्हा त्याला एवढंच दिसत होतं की सुरीला धार आहे.

संकल्प सुरू झाला. "हात लावा, सूनबाई."

गोदावरी खाटेवरून उठली. भिंतीच्या आधारानं एकेक पाऊल टाकत आली, बसली आणि तिनं बोटं त्याच्या कोपराला लावली. छातीवर स्पिरिटचा बोळा फिरला. मग पात्याचं गार टोक कातडीला टेकलं. वेणीमाधवानं डोळे गच्च मिटले. त्याच्या मनात त्या वेळी बायको नव्हती, मूल नव्हतं, फक्त स्वतःची दीड वीत कातडी होती.

आणि कोपरावरची बोटं निघाली.

"मी हात काढलाय," गोदावरी म्हणाली.

शास्त्रीबुवा मंत्र म्हणता म्हणता थांबले. "सूनबाई, हात लावा."

"नाही लावत, मामंजी."

त्या घरात 'नाही' हा शब्द आजवर फक्त शास्त्रीबुवांच्या मालकीचा होता.

"मी हात लावला नाही तर जे होईल ते यांचं एकट्याचं," ती म्हणाली. तिला दम लागत होता, पण आवाज स्पष्ट होता. "मला काही पोचायचं नाही. मग यांना उगीच कशाला चिरता?" ती पदर घट्ट धरून मालतीबाईंकडं वळली. "बाई, मला चिरा."

पत्नीनं हात लावावा असं शास्त्रात होतं. तिनं तो काढून घेतला तर बळंच कसा लाववावा, हे कुठंच नव्हतं. शास्त्रीबुवांनी मनातल्या मनात सगळे ग्रंथ उलटेपालटे केले. मग त्यांची नजर सुनेच्या तोंडावर गेली. इतक्या दिवसांत ते तिच्या तोंडाकडं नीट बघतच नव्हते, तशी रीतच नव्हती. त्यांचा चेहरा उतरला.

"हात लावणं हा पत्नीचा अधिकार आहे," ते हळू म्हणाले. आणि मग एकदम ओसरीवर ओरडले, "उठा! काय तमाशा मांडलाय? चला, बाहेर व्हा सगळे!" ते स्वतःही बाहेर गेले आणि दार त्यांनीच ओढून घेतलं.

वेणीमाधवाला आधी काय वाटलं असेल, तर सुटलो. लाज वाटली ती नंतर. पण त्यांचा क्रम असा होता, आणि तो त्याला पुढं कधी उलटा करता आला नाही.

मालतीबाईंनी त्याला हातात तसराळं धरून उभं केलं. गार औषधाचा फवारा मारून त्यांनी जागा बधिर केली आणि चिरा दिला. गोदावरी फक्त एकदा "आई गं" म्हणाली. तसराळ्यात जे आलं ते बघून वेणीमाधवानं तसराळं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. एवढं सगळं हिच्या आत साठत होतं, आणि हिनं लाडू वळले, चहा केला, माणसांना "या, बसा" म्हटलं. मालतीबाईंनी जखमेत कापडाची वात सारली आणि वरून पट्टी बांधली.

"उजव्या अंगावर पाजायचं, बिनधास्त," हात धुता धुता त्या म्हणाल्या. "डावं दूध हातानं काढून टाकायचं, साठू द्यायचं नाही. भोवती बोरिकच्या कढत पाण्याचा शेक. जखम भरत आली की या बाजूलाही पाजता येईल. आणि ऐकून ठेवा मास्तर, पहिल्याच दिवशी शेक देऊन दूध काढलं असतं, पोराला पाजत राहिलं असतं, तर मला ही सुरी काढावीही लागली नसती."

बाहेर शास्त्रीबुवांच्या पाठीशी गौरम्मा घुटमळत होती.

"म्हंजी आता नवऱ्यांचं बंद का, शास्त्रीबुवा?"

"बंद," शास्त्रीबुवा म्हणाले.

"लई बरं वाटत हुतं वो," गौरम्मा कळवळून म्हणाली. मागं रेवणप्पानं रस्त्यातच सिद्धेश्वराच्या देवळाच्या दिशेनं हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेक द्यायला वेणीमाधव बसला. हे काम त्यानं मागून घेतलं होतं. कढत पाण्यात फडकं बुडवायचं, पिळायचं, झटकायचं, पट्टीच्या कडेनं ठेवायचं. पिळताना त्याचे तळवे लाल होत होते आणि ते त्याला बरं वाटत होतं. गोदावरीचा ताप उतरला होता. उशाशी मूल झोपलं होतं.

"एक विचारू?" ती म्हणाली.

"विचार की."

"मी तुमच्या कोपराला हात लावायचे, तेव्हा माझा ताप कळायचा का हो तुम्हाला?"

त्यानं फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं. खोटं बोलणं सोपं होतं. वर्गात तो न पाहिलेल्या नद्यांबद्दल रोज बोलत होता.

"कळायचा," तो म्हणाला.

"पहिल्या दिवशी?"

"पहिल्या दिवशीसुद्धा."

गोदावरी त्याच्याकडं पाहात राहिली. ती रागावली असती तर त्याला सोसलं असतं, पण ती रागावलेली दिसत नव्हती.

"मी रोज मनाची समजूत घालत होते," ती म्हणाली, "की यांना कळत नाही म्हणून हे बसलेत. कळलं असतं तर कधीच उठले असते."

मूल जागं होऊन चुळबुळ करायला लागलं. तिनं त्याला उजव्या अंगावर घेतलं, वरून पदर ओढला आणि भिंतीकडं तोंड करून ती त्याला पाजू लागली.